चटईवरच्या तीन थापा

९ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. सतरा दिवस बोट, दोन दिवस आगगाडी आणि आज पहाटेपासून बस. बसमध्ये तेबाऊनं मला शंभरदा तरी विचारलं असेल की समुद्र कधी येणार. शेवटी मी सांगितलं, बाबा रे, आता समुद्र येत नाही, त्याच्यापासून तर पळून आलोय आपण. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, आपण कुठे गेलो ते त्याला कुणी सांगितलंय का. माझा भाऊ सात वर्षांचा आहे. त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात, तोंडात काहीतरी खायला कोंबायचं असतं. मी बिस्कीट कोंबलं.

गावाचं नाव लिंटेल. गाव आपलं म्हणायचं. वर सगळी लाल माती, लाल दगड आणि जमिनीतून बाहेर आलेल्या पत्र्याच्या नळ्या, माझ्या कमरेइतक्या उंच. माणसं खाली राहतात. पूर्वी इथे रंगीत खड्यांच्या खाणी होत्या. खडे संपले तेव्हा लोकांनी त्याच खाणींत संसार थाटले, कारण वर उन्हाळ्यात कोंबडीसुद्धा जगत नाही म्हणे. नळ्या त्यांच्या हवेसाठी. आम्हा बेटावरच्या लोकांना मात्र वरच, कुंपणाच्या आत, पत्र्याची घरं दिली आहेत. पण नवी कोरी आहेत. प्रत्येकात पंखा आहे आणि मोरीत नळ आहे. आजीनं नळ सोडला, ओंजळीत पाणी धरलं, चाखलं आणि तशीच उभी राहिली. शेवटची चार वर्षं आमच्या विहिरी खारट झाल्या होत्या. मी म्हटलं, आजी, पाणी वाया जातंय.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "एकदा तरी गोडं पाणी वाया घालवू दे मला."

ही वही बाबांची. ते बेटावरच्या शाळेत मास्तर होते. पुढच्या पानांवर मुलांची हजेरी आहे, एकेचाळीस नावं, आणि मागची पानं कोरी आहेत. आईबाबा मोठ्या भरतीत गेले. वही फळीवर होती म्हणून राहिली. हजेरीतली सगळी पोरं आमच्याबरोबर इथे पोचली आहेत, एकही नाव कमी झालेलं नाही. कोऱ्या पानांवर आता मी लिहिणार. आज एवढंच, की मी, किनाई, वय सोळा, बऱ्याच दिवसांनी खूश आहे.

१७ ऑक्टोबर

मला नोकरी लागली. वसाहत कचेरीत दुभाषी. खुर्ची फिरते, त्यामुळे तेबाऊला वाटतं मी मोठी साहेब झाले.

काल पत्र्याच्या मोठ्या गोदामात आमची पहिली सभा भरली. बेटावरच्या सभाघरात प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली, अमक्या खांबापाशी अमके. इथे खांबच नाहीत. म्हातारे सगळे दाराशी खोळंबून राहिले, आत जाऊन बसायचं कुठे. मग आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या उरियाम आजोबांनी खडू मागवला आणि फरशीवर एकेक खांब काढला, चौकोन, त्यात घराण्याची खूण. तेव्हा कुठे माणसं बसली. एक खांब वीतभर चुकला म्हणून दोन घरं अर्धा तास एकमेकांशी बोलत नव्हती. मला इतकं बरं वाटलं ते भांडण ऐकून.

गावातर्फे आमच्याकडे बघायला लॉरेन हॅस्केट म्हणून बाई आहेत. पन्नाशीच्या, हातांवर तांबडे ठिपके, रोज बर्फाची पेटी घेऊन येतात. त्यांनी मला गावची बालवाडी दाखवली. पाळणे, घसरगुंडी, भिंतीवर रंगवलेले मासे, आणि मूल एकही नाही. अकरा वर्षांत लिंटेलमध्ये कुणाला मूल झालेलं नाही. कुणी हवेला दोष देतं, कुणी पाण्याला. दर महिन्याला लॉरेनबाई स्वतः पाळण्यांच्या साखळ्यांना तेल घालतात. मी विचारलं, कशाला. त्या म्हणाल्या, गंजायला नकोत, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्यांची फार दया आली.

२९ ऑक्टोबर

आज मी एक गंमत केली आहे. आजीला कळली तर कान उपटेल.

लॉरेनबाई वैतागून आल्या. तुमची माणसं सगळ्याला हो म्हणतात आणि करत काहीच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. खरंच आहे. परक्याला आम्ही तोंडावर नाही म्हणत नाही, हो म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. त्यांनी विचारलं, मग तुमच्यात खरं मागणं मागतात तरी कसं? असा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारला नव्हता. बोटीवरच्यांनी नाही, आगगाडीतल्यांनी नाही. मी फुलून गेले आणि सगळं सांगितलं.

सांगितलं, आमच्यात बुबुसी असते. हक्काचं मागणं. मागणाऱ्यानं देणाऱ्यासमोर चटईवर बसायचं, त्याच्याहून खाली. मान खाली. वर बघायचं नाही. आपण कोणाचे कोण ते सांगायचं, मग काय हवं ते एकदाच सांगायचं. कृपा करा वगैरे काही नाही. आणि मग गप्प बसायचं. उत्तर येईपर्यंत गप्प. बुबुसीला आमच्यात नाही म्हणता येत नाही. माझ्या पणजोबांनी दुष्काळात घरातली एकुलती एक होडी दिली होती, अजून लोक नाव घेतात. फक्त एक आहे, बुबुसी नात्यातल्यानंच मागायची. आणि जो मागतो त्याच्याकडेही उद्या कुणी मागू शकतं.

बाई सगळं लिहून घेत होत्या, शाळकरी मुलीसारख्या. मला राहवलं नाही. म्हटलं, आणि हो, तोंड उघडण्याआधी दोन बोटांनी चटईवर तीनदा थाप मारायची. असलं काहीही आमच्यात नाही. बाईंनी गंभीरपणे सराव केला, थप थप थप. पडद्यामागे तेबाऊ होता. त्यानं सदऱ्याचा बोळा तोंडात कोंबला होता आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

६ नोव्हेंबर

आजीनं, म्हणजे मारेवेनं, लॉरेनबाईंना लेक करून घेतलं. अख्ख्या सभेसमोर, डोक्याला खोबरेल लावून, अंगावर पावडर उधळून. बाई रडल्या. आजीही रडली, तिला लेकीला, म्हणजे माझ्या आईला, शेवटचं तेल लावता आलं नव्हतं. आता बाई माझी मावशी.

आणि मावशीनं लगेच पहिली बुबुसी मागितली. खडूच्या खांबापाशी बसली, मान खाली, थप थप थप. सभेत खसखस पिकली. आजीनं माझ्याकडे असं बघितलं की मी छताचे पत्रे मोजू लागले. पण आजी कुणाची चूक चारचौघांत काढत नाही. मावशीनं आजीची विणलेली चटई मागितली, आजीनं दिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मेले, आता तिची ती रीतच होऊन बसेल. लोक हसतील बिचारीला."

लोक हसले नाहीत. उलट सगळ्यांना त्या थापांचं कौतुकच वाटतंय. गावची आणखी पाच-सहा जोडपी वेगवेगळ्या घरांत लेक-जावई झाली, तीही थापा मारतात. आमच्या खांबांपाशी आता गोरी नाकं दिसतात. आजी म्हणते, बेट गेलं पण घराणं वाढलं.

१ डिसेंबर

एकोणपन्नास अंश. दुपारी बारा ते सहा वीज बंद ठेवतात, म्हणजे पंखे बंद. तेबाऊच्या नाकातून काल दोनदा रक्त आलं. तो मोरीत ओल्या फडक्याखाली पडून असतो.

आज मावशी आली. बर्फ आणला नव्हता. सरळ आजीसमोर बसली. थप थप थप. दुभाष्याची गरजच पडली नाही, शब्द मीच तिच्याकडून पाठ करून घेतले होते.

"मी मारेवेची लेक लॉरेन. बुबुसी मागते. तेबाऊ मला दे. खाली, गारव्याला."

आणि गप्प बसली. मी शिकवलं होतं तशीच, अगदी बिनचूक.

आमच्यात मूल देणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. आजी स्वतः चार वर्षांची असताना तिच्या आईच्या मावशीकडे दिलेली. सकाळी एका घरी जेवायची, संध्याकाळी दुसऱ्या, आणि दोन्हीकडे हट्ट करायची. दिलेलं मूल आमच्यात दोन घरांचं होतं. मला फक्त बोलायचं होतं की आजी, ही आपल्यातली नाही, तिला एकदा विचार की दोन घरांचं म्हणजे काय. मी दुभाषी होते. माझं कामच ते होतं. पण तेबाऊच्या सदऱ्यावर नाकातल्या रक्ताचे डाग होते आणि मला वाटलं, जाऊ दे, गारवा तरी मिळेल. मी तोंड उघडलं नाही.

आजी हो म्हणाली.

३ डिसेंबर

तेबाऊ गेला. घाबरला नव्हता. त्याचं म्हणणं, खाली खणत गेलं की कधीतरी समुद्र लागतोच, तो लागला की मला सांगेल. मी म्हटलं, नक्की सांग. लोखंडी दारातून आत जाताना त्यानं मागे वळून दोन बोटं हवेत तीनदा आपटली, आणि आम्ही दोघंही हसलो.

रविवारी भेटायला जाणार आहे.

१४ डिसेंबर

रविवारी भेटू दिलं नाही. मावशी म्हणते, मुलं रुळू देत.

आता जवळजवळ सगळी गेली. प्रत्येक घरात एक मानलेली लेक, प्रत्येक लेकीची एक बुबुसी. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस. राहिलेली दोघं मोठी आहेत, माझ्याच वयाची. संध्याकाळी कुंपणाच्या आत आवाज म्हणून नाही. म्हाताऱ्या बायका दारात बसून नुसत्या हाताकडे बघतात.

आज भर दुपारी, सगळे आडवे झाले असताना, मी एका नळीपाशी गेले. पत्रा इतका तापलेला की कान लावला तर भाजला. खालून पोरांचा गलका ऐकू आला. मला काय सुचलं कोण जाणे, मी घरी धावले, वही आणली आणि बाबांसारखी हजेरी घेतली. नळीत तोंड घालून एकेक नाव. आणि खालून उत्तरं आली. हजर. हजर. कुणीतरी खिदळलं. तेबाऊचं नाव घेतलं तर तो ओरडला, "हजर, आणि समुद्र अजून लागला नाही." मी नळीला मिठी मारून बसले. हातावर पट्टा उठला आहे, तरी मजा वाटतेय.

रोज जाणार.

२५ डिसेंबर

आज मुलांना वर आणलं, तासभर. पांढऱ्या टोप्या, काळे चष्मे, त्यांना ऊन सहन होत नाही आता. गोदामात ओळीनं उभं राहून त्यांनी इंग्रजीत गाणी म्हटली. छातीवर बिल्ले होते. तेबाऊच्या बिल्ल्यावर मार्टिन लिहिलं होतं. मावशीनं सांगितलं, जुन्या नावांनी हाका मारू नका, ती गोंधळतात.

उरियाम आजोबांनी ऐकलं नाही. त्यांची नात रीना, नऊ वर्षांची, तिला त्यांनी हाक मारली. तिनं येऊन हात पुढे केला आणि आपल्याला भेटून आनंद झाला असं इंग्रजीत म्हणाली. आजोबा हसले. त्यांना वाटलं ती थट्टा करतेय, आजोबा-नातीची आमच्यात फार थट्टा चालते. त्यांनी तिचा गालगुच्चा घेतला तर ती मावशीकडे बघून विचारू लागली, हे असं करतात का. तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

तेबाऊ माझ्याकडे बघत होता. म्हणजे चष्मा माझ्याकडे होता. मी हळूच दोन बोटं मांडीवर आपटली. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यांना खाली नेलं.

२ जानेवारी

आज उरियाम आजोबा न्हाऊन, ठेवणीतला सदरा घालून गोदामात आले. मावशीसमोर चटईवर बसले. एवढा मोठा माणूस, मान खाली. आपलं सात पिढ्यांचं घराणं सांगितलं आणि बुबुसी मागितली. रीना मला दे.

जो मागतो त्याच्याकडे मागता येतं. ही रीत मी मावशीला सांगितली होती. तिनं लिहूनही घेतली होती.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, किती सुंदर. आणि मग म्हणाली, "नाही."

आमच्या भाषेत म्हणाली. दुसरा कप चहा नको म्हणावं तशी. सभेत कुणाला कळेना की आता काय करायचं. असं कधी झालेलंच नव्हतं. माणसं हळूहळू उठून गेली. आजोबा तिथेच बसून राहिले. नाही ऐकल्यावर चटईवरून उठायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी आणि आजीनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उठवलं.

९ जानेवारी

हजेरी. परवा सतरा, काल नऊ. आज एकच.

आज तेबाऊनं लगेच उत्तर दिलं नाही. मी तीनदा नाव घेतलं. मग खालून हळू आवाज आला की किनाई, इथे खूप अंधार आहे, माझं काही चुकलं का. मी म्हटलं, नाही रे राजा, तू काही केलं नाहीस. मी केलं. त्यानं विचारलं, मग तुला का नाही कोंडलं. मग खाली दार वाजलं आणि—

नळीवर आता जाळी बसवली आहे. बोटंही जात नाहीत.

१५ जानेवारी

मी मावशीला कचेरीत गाठलं. विचारलं, अंधारात का ठेवता. ती रागावली नाही. पाव कसा भाजायचा ते सांगावं तसं समजावून सांगितलं. सगळ्यात खाली एक शांत खोली आहे. बिछाना मऊ आहे. उजेड नाही, आवाज नाही, फक्त हवेची नळी. दिवसातून दोनदा दाराशी कुणीतरी जातं आणि मुलाला त्याच्या नव्या नावानं हाक मारतं. मुलानं ओ दिली की दार उघडतं, आणि दाराशी आई उभी असते. म्हणजे नवी. बहुतेकांना चार-पाच दिवस लागतात. विसरणं लवकर होतं, ते दयाळूपणाचं आहे, रेंगाळलं की मुलांनाच त्रास.

मी विचारलं, तेबाऊ?

"मार्टिनला आज एकोणिसावा दिवस," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आईच्या चेहऱ्यावर असतं तसं. "जिद्दी आहे माझा मुलगा."

एकोणीस दिवस. म्हणजे ख्रिसमसनंतर लगेच. मी मांडीवर बोटं आपटली म्हणून. त्याला आठवलं म्हणून.

कुणाला सांगू हे. आजीला नाही सांगणार.

१८ जानेवारी

आजीला कळलं. माझ्या तोंडावरूनच कळलं.

ती ओरडली नाही. तिनं उरलेली एक चटई घेतली आणि दारात अंथरली, तो आला तर बसायला. नळाचं पाणीही घेत नाही. मी पाया पडले, म्हटलं माझी चूक आहे, मी शिकवलं तिला. म्हटलं, आजी, तू नाही का म्हणाली नाहीस, निदान एकदा.

"जमीन गेली, विहीर गेली, थडगी गेली," ती म्हणाली. "आपल्याकडे एवढंच उरलं होतं गं, की आपण नाही म्हणत नाही."

२१ जानेवारी

आजी गेली. दुपारी. चटईवरच, दाराकडे तोंड करून.

मी तेल लावलं. पावडर नव्हती. शेवटी शेवटी ती एकच वाक्य म्हणत होती, की मी त्याला दिलं नव्हतं, गारव्याला पाठवलं होतं. मी हो म्हणत राहिले. हो आजी. गारव्याला.

गोदामात जाऊन आमच्या घराण्याचा खडूचा खांब उरियाम आजोबांनी पुन्हा गडद केला. मी तिथे एकटी बसते.

३० जानेवारी

खोलीचं दार उघडलं म्हणे. चौतिसाव्या दिवशी. मावशीनं कचेरीत केक वाटला.

मी खाल्ला. सगळे बघत होते. मग मागे जाऊन—

५ फेब्रुवारी

मार्चमध्ये आणखी तीन बेटांची माणसं येणार. तिन्हींच्या रीती निराळ्या. मावशी म्हणाली, प्रत्येकाकडे कसं मागायचं ते शिकायला हवं, तुझ्यासारखं समजावून सांगणारं कुणी नाही. खाली माझ्यासाठी खोली तयार आहे. गार. मी म्हटलं विचार करते. नाही म्हणता आलं नाही. अजूनही. जिभेवर येतं आणि—

पाण्याचा टँकर दर गुरुवारी तीनला परत जातो, थेट किनाऱ्यावर. टँकरवाला म्हणाला, सीटच्या मागे एक माणूस मावतो. कोण ते तो विचारणार नाही. तिथे बंदरात बोटींतली माणसं उतरायच्या आधी मी उभी राहीन. वही दाखवीन. एकेचाळीस नावं वाचीन. सांगेन की हो म्हणू नका.

येत्या गुरुवारी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दोन वाजले. गाठोडं तयार. वही सदऱ्याच्या आत घालणार होते, पण

दारात कुणीतरी आहे

आजीच्या चटईवर बसला आहे. पांढरी टोपी. मान खाली. उंच झालाय. हात कसले झालेत, काड्या नुसत्या. एकटाच आलाय. किंवा कुंपणापाशी ती उभी असेल, इथून दिसत नाही.

थापा मारल्या. तीन. दोन बोटांनी. हसला नाही. खोटं आहे रे ते, आमच्यात कुणीच मारत नाही, तुला ठाऊक होतं, तोंडात सदरा कोंबून रडेपर्यंत हसला होतास तू—

म्हणाला, "मी लॉरेन हॅस्केटचा मुलगा मार्टिन. बुबुसी मागतो. किनाई मला दे. तू खाली ये."

आणि गप्प बसला.

ती शांतता कशी असते ते मला कळतंय आता. आजीला कशी कळली असेल ते. मी पेन धरून बसले आहे कारण लिहीत असेपर्यंत उत्तर द्यायला नको.

पावणेतीन. टँकर सुरू केला आहे, ऐकू येतोय.

जो मागतो त्याच्याकडे मागता येतं. मी खाली बसले. त्याच्याहून खाली, फरशीवर. म्हटलं, मी मारेवेची नात किनाई. बुबुसी मागते. तुझं नाव मला दे.

मार्टिन म्हणाला तर मी जाईन. वही घेऊन, मागे न बघता. इतर पोरांसाठी जाईन.

तेबाऊ म्हणाला तर त्याचा हात धरून खाली. त्या खोलीत सुद्धा. त्याला पुन्हा एकट्याला नाही सोडणार. मग वही कोण नेणार, बंदरावर कोण—

काय मागू देवाकडे. तो विसरलेला असू दे, असं मागू?

बोलत नाही. घाम आलाय त्याला. ओठ हलतात, आवाज नाही.

भोंगा. पहिला.

त्याचा हात चटईवर आला. थाप. एक. दोन. तिसरीला थांबला. हात हवेतच आहे. वर बघतोय. मागणारा वर बघत नाही, कुणीच बघत नाही, हे तिला मी चांगलं घोकून—

चष्मा काढला. सदऱ्याची कड तोंडाकडे नेतोय

तो हस—